नाव नसलेल्यांचा मांडव

मी एक फिरता मांडव बोलतोय. मांडव म्हटलं की तुम्हाला लग्न आठवेल, पण माझ्यात कधी कुणाचं लग्न लागलं नाही. जन्मभर लग्नच करायचं नाही असं ठरवलेल्यांचा मी मांडव. फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, आत बाकं. बोल्ट सोडवले की घोडागाडीवर चढायचो आणि पुढच्या गावी कुणाच्या तरी शेतात पुन्हा उभा राहायचो. आयर्लंडच्या उत्तरेला, अर्न सरोवराच्या काठाकाठाने माझं सगळं आयुष्य गेलं.

मी हेस्टर क्रोझियरच्या शेतातून जन्मलो, असं म्हटलं तरी चालेल. त्या सुमारास गिल्बर्ट रे नावाचा प्रचारक सायकलवरून गावोगाव हिंडत होता. तो म्हणायचा, "येशूने शिष्यांना दोघादोघांनी धाडलं. झोळी नाही, पैसा नाही. आणि आपले पाद्रीबुवा बघा! बंगला काय, बग्गी काय!" हेस्टरच्या ते काळजाला भिडलं. आईबापांमागे राहिलेलं शेत, गाई, आजीचं कपाट, सगळं विकून तिने पैसा त्याच्या हातावर ठेवला. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यांची रीतच तशी होती. त्या पैशातून माझ्या फळ्या आल्या.

शेत घेणारा शेजारी रॉबर्ट जॉन तिला म्हणाला, "हेस्टर, एक खोली तरी ठेव गं. म्हातारपण काय सायकलवर काढणार?"

"देव आपल्या माणसांना उघड्यावर टाकत नाही, रॉबर्ट जॉन."

"देव नाही गं टाकत. मी माणसांचं बोलतोय."

ती हसली. त्या वयात मीही हसलोच असतो.

मग हेस्टर आणि रेचेल ट्रिम्बल अशी जोडी प्रचाराला निघाली. या लोकांनी आपल्या पंथाला नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की वेगळी चूल मांडल्यासारखं होतं म्हणे. त्यांनी दिलं नाही, म्हणून गावाने दिलं. मोठ्या माणसांना सरोवरात बुडवून बाप्तिस्मा देतात म्हणून पोरं ओरडायची, "आले बुचकळे! झाकण लावा विहिरीला!" पत्र्यावर दगड पडायचे. आत हेस्टर आवाज चढवून सांगायची, "देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही." हे माझ्याच छपराखाली उभं राहून! मी मुकाट ऐकून घ्यायचो.

राहायला घर नाही, म्हणून प्रत्येक श्रद्धावंताचं घर त्यांचं. आज या घरी चहा आणि सोड्याची पोळी, उद्या त्या घरी बटाटे आणि ताक. रेचेल थंडीने कुडकुडली की हेस्टर आपली शाल तिच्यावर टाकायची. "तू आजारी पडलीस तर माझी जोडी मोडेल बाई," म्हणायची. सख्ख्या बहिणी अशा राहत नाहीत.

वर्षं गेली. देशाचे दोन तुकडे झाले, सरहद्दीवर चौक्या बसल्या. इकडे पंथ वाढला आणि वाढला तसे त्यात मुकादम आले. म्हाताऱ्या गिल्बर्टशी त्यांचं बिनसलं, त्यांनी त्याला बाहेर काढलं. इथवर जगरहाटीच. पण पुढे फर्मान निघालं, की त्याचं नावही घ्यायचं नाही. आपला मार्ग कुणी सुरू केला नाही, तो येशूच्या काळापासून, गालीलच्या किनाऱ्यापासून अखंड चालत आला आहे, असंच सांगायचं.

मी तेव्हा रॉबर्ट जॉनच्या शेतात उभा होतो. म्हणजे हेस्टरच्याच जुन्या शेतात. सभेत एका नव्या बाईने सरळ मनाने विचारलं, "हेस्टरबाई, हे सगळं सुरू कुणी केलं हो?"

"गिल्बर्ट रे यांनी. मी होते की तेव्हा."

दुसऱ्याच दिवशी पंथाच्या मुकादमांपैकी एड्विन बॉयड आले. माझ्यातच बसले.

"पुढच्या सभेत चूक दुरुस्त करा, ताई."

"चूक कसली, एड्विन? तुलाही त्यांनीच बुडवून काढलं सरोवरात. काठावर टॉवेल धरून मी उभी होते."

"माणसाचं नाव घेतलं की लोकांची श्रद्धा डळमळते."

"खोट्यावर उभी असेल तर डळमळू दे."

त्यांनी तिला बाहेर काढलं. याचा अर्थ नीट समजून घ्या. तिला पगार नव्हता, घर नव्हतं. जी घरं होती, ती सगळी एका शब्दावर बंद झाली. जिथे तिने आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या होत्या, तिथे खिडक्यांचे पडदे ओढले गेले. मला मात्र कुणी न्यायला आलं नाही. रॉबर्ट जॉनने माझ्यात चूल बसवली, जळणाला पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळक्या मातीची, ढेकळं आणून टाकली आणि तो तिला म्हणाला, "ये गं. तुझंच शेत, तुझाच मांडव."

हिवाळ्यात तिला खोकल्याने धरलं. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की ती दाराशी जायची. रेचेल नव्या जोडीदारणीबरोबर जायची, मान न वळवता. मला तिचा राग येतो. आजही येतो.

बॉयड पुन्हा आले. "एक वाक्य बोला, ताई. रेचेल उद्या सकाळी तुमच्या उशाशी असेल."

हेस्टरने दाराकडे बघितलं. मला वाटलं, बोलेल. माझी तर इच्छा होती की बोलावं. पण ती म्हणाली, "नको. मग ती आली तरी मला तिच्या तोंडाकडे बघवणार नाही."

ती गेली. तिच्यामागे गाणं म्हणायला पंथातलं काळं कुत्रंही आलं नाही. ज्या पाद्रीबुवांच्या बंगल्यावर तिने जन्मभर तोंडसुख घेतलं, तेच चिखल तुडवत आले आणि त्यांनी तिला माती दिली.

वसंतात भर दुपारी रेचेल आली. तरुण जोडीदारणीला रस्त्यावर उभं करून एकटीच आत शिरली. हेस्टरच्या खाटेला हात लावून हलक्या आवाजात म्हणाली, "गिल्बर्टनेच सुरू केलं गं. मला ठाऊक आहे. मला कुठे दुसरं घर आहे?" आणि तिथेच बसून रडली.

मग डोळे पुसून ती बाहेर गेली. पोरीने विचारलं, "काय आहे हो तिथे?"

"काही नाही. कोंबड्यांचं खुराडं."

रॉबर्ट जॉनने तोवर एक कोंबडीही पाळली नव्हती. तो वारल्यावर त्याच्या मुलाने आणल्या. आता माझ्या बाकांवर त्या बसतात आणि रेचेलचं बोलणं खरं झालं आहे.

मला पुन्हा उभारा, रंगवा, असं माझं मागणं नाही. कधी इकडून गेलात, तर इथे हेस्टर क्रोझियर राहत होती, एवढं म्हणा. मात्र आत येऊन कुजबुजू नका. बाहेर रस्त्यावर उभं राहून म्हणा.