बायकांनी उचललेली बाज

मित्रांनो, बसा. माझ्यावर नको हं, सुंभ कुजलाय, धपकन खाली आपटाल. तिकडं निंबाच्या सावलीत बसा.

मी बाज आहे, जुनी आणि जराशी तिरसट. बाभळीचे चार खूर, चार लाकडांची चौकट आणि तिच्यात विणलेला अंबाडीचा सुंभ, एवढाच माझा संसार. झरी गावाच्या अलीकडं जी छोटी वाडी आहे ना, तिथल्या पत्र्याच्या चर्चमागं माझा मुक्काम असतो. काल दुपारपर्यंत मी भिंतीला टेकून उभी होते. बाज कधी उभी करू नये, घरात कुणी वारलं की तशी करतात, असं म्हणतात. पण माझ्याबद्दल एवढा विचार कोण करणार? कोंबड्यांना तेवढी माझी उंची आवडली होती. आज मी आडवी कशी झाले, ते सांगते. जरा दमानं घ्या, माझी गोष्ट लांबलचक आहे.

बहात्तरच्या दुष्काळाआधी ताडकळसच्या नागनाथ सुतारांनी मला घडवलं. सुंभ विणला तो मात्र शांतवन मास्तरांनी. ते इथल्या चर्चचे पाळक. शाळेत कधी शिकवलं नाही, तरी सगळी वाडी त्यांना मास्तरच म्हणायची. आपल्याकडं बाज म्हटली की बाळंतीण आठवते. मलाही वाटलं होतं, एखाद्या घरात जाऊ, खाली शेगडी असेल, ओव्याची धुरी असेल, वर तान्हं बाळ हातपाय झाडत असेल. कसचं काय! मास्तरांनी मला सरळ चर्चमध्ये आणलं आणि सगळ्यांपुढं सांगितलं, "ही बाज कुणा एका घरची न्हाई. ज्याला चालता येत न्हाई, त्याची ही."

तेव्हा वाडीपासून एसटीच्या रस्त्यापर्यंत नुसती पांदण होती. दवाखाना त्या रस्त्यानं पुढं परभणीला. ज्याच्या घरी गाडीबैल त्याचं ठीक, बाकीचे आजारी घरातच कण्हत पडायचे. म्हणून चर्चच्या तरण्या गड्यांनी सेवामंडळ काढलं. कुणाच्याही घरून निरोप आला की माझ्या दोन्ही बाजूंना बांबू बांधायचे, चौघांनी धरायचं आणि आजाऱ्याला रस्त्यापर्यंत पोचवायचं. आधी डोळे मिटून छोटी प्रार्थना व्हायची, मग मास्तर म्हणायचे, "हं, उचला." आजारी कुठल्या धर्माचा, कुठल्या आळीचा, हे कुणी विचारत नसे.

मास्तरांनी दोन गोष्टी मात्र सगळ्यांना बजावल्या होत्या. आजाऱ्याचं डोकं पुढं ठेवायचं आणि मला हातानं धरायचं, खांद्यावर घ्यायचं नाही. पाय पुढं आणि चौघांच्या खांद्यावर जाते ती तिरडी. जिवंत माणसाला तसं न्यायचं नसतं.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. कुसुमबाई अडली तेव्हा भर उन्हात मला पळवत नेलं होतं. परत आली ती कुशीत पोरगी घेऊन. माझ्या चौकटीवरून हात फिरवून म्हणाली, "ही बाज न्हाई बाई, माझी माय हाय." मी काय सांगू तुम्हाला, माझा सुंभ न सुंभ ताठ झाला!

मग दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. लोक पायऱ्यांच्या बारवेच्या तळाचं हिरवं पाणी प्यायला लागले आणि घरोघर पायातून नारू निघायला लागले. नारू म्हणजे सुतासारखा लांब किडा, कातडीतून बाहेर येतो. काडीला गुंडाळून हळूहळू काढावा लागतो. बैल चारा-छावणीत गेले, गाड्या दारात नुसत्या उभ्या राहिल्या. बायामाणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. माझ्या खेपा वाढल्या, आणि त्या खेपांतच माझं नशीब फिरलं.

सिताराम हा त्याच खडीवरचा मजूर, बौद्धवाड्यातला, मोठा हसतमुख गडी. त्याला उलट्या-जुलाब लागले. त्यानं किती दिवस अंगावर काढलं होतं कोण जाणे. आमचे गडी आले, पण त्यांचे हातही खडी फोडून सोललेले. निम्म्या वाटेत हात टिकेनात, म्हणून त्यांनी मला खांद्यावर घेतलं. अरुंद पांदणीत वळताना माझी दिशा उलटी झाली, सितारामचे पाय पुढं आले, आणि घाईत ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. समोरून कामावरच्या बायका येत होत्या. त्यांत त्याची बायको सुलाबाई होती. तिनं चौघांचे खांदे पाहिले, पुढं आलेले पाय पाहिले आणि तिथंच धुळीत अंग टाकलं. सगळ्या बायकांनी एकच आकांत केला. तेव्हा माझ्यावरून सिताराम उठून बसला. "आगं, जित्ता हाय मी! रडायलीस कशाला? घरी जा, पोरीला जेवू घाल." रडतारडता बायका हसायला लागल्या. तोही हसला.

पण चार दिवसांत सिताराम दवाखान्यातच वारला, आणि सगळं माझ्या डोक्यावर फुटलं. "बाजंनं आधीच सांगितलं व्हतं," लोक म्हणू लागले. माझं नाव पडलं मढ्याची बाज. त्यानंतर मला कुणी बोलावलं नाही. तापानं फणफणलेली माणसं घरात राहिली, पण माझ्यावर बसली नाहीत. मास्तरांनी लय समजावलं. ऐकणार कोण? मग मला मागच्या भिंतीला उभं केलं. आत उपासना चालायची, गाणी म्हटली जायची, मी बाहेर ऐकत उभी. लाकडाला काय कळतं, असं तुम्हाला वाटत असेल. एकटं पडलेलं सगळ्यांना कळतं, मित्रांनो.

एकच माणूस माझ्याकडं यायचं, ते म्हणजे सुलाबाई. कामावरून परतताना ती चर्चच्या मागं यायची. मास्तरांची बायको एस्तेरबाई दिसली की "जयभीम" म्हणायची, एस्तेरबाई ख्रिस्ती रीतीनं "सलाम" म्हणायची, दुसरं काही बोलणं नाही. मग सुलाबाई माझ्या खुराशी टेकून गप बसायची. माझ्यावर ती कधी बसली नाही, आणि मला तिच्याशी बोलता येत नव्हतं. दोघी आपापल्या जागी असायचो. अंधारायच्या आत ती घरी जायची आणि मला पुढचा सगळा वेळ खायला उठायचा.

अशात केवळाबाईचा पाय बिघडला. ही धनगराची म्हातारी, गावाबाहेर खोपटात एकटी राहायची. तिचा पुतण्या मल्हारी मेंढरं घेऊन चाऱ्यापाण्याच्या शोधात लांब गेलेला. तिच्यापाशी उरली होती फक्त दोन शेरडं. चर्चमधल्या बायका तिला आठवड्याला पीठ पोचवायच्या. सुरुवातीला ती म्हणायची, "तिकडं लांब ठिवा, शिवू नगा." पुढं पुढं तीच दारातून हाक मारायला लागली, "एस्तेरे, ये की आत, वाईच बस." तर या केवळाबाईनं नारू ओढताना तोडला. आत राहिलेला किडा सडला, पाय भोपळ्यासारखा सुजला आणि बोटं काळी पडायला लागली.

एस्तेरबाई, कुसुमबाई आणि चर्चमधल्या सगुणाबाई मला घेऊन खोपटाशी गेल्या. मागून सुलाबाई आली, तिला कुणी बोलावलं नव्हतं. मास्तर आणि दोन गडीही होते. म्हातारीनं मला पाहिलं आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"केवळाबाई, पाय काळा पडायलाय," एस्तेरबाई म्हणाली. "आज दवाखान्यात न्हाई गेलीस तर पायबी जाईल आन् तूबी जाशील."

"जाऊ दे की! पर त्या मढ्याच्या बाजंवर मी बसायची न्हाई. या सुलाचा मालक तिच्यावरच गेला."

सुलाबाई पुढं आली. मला वाटलं, आता ही रडणार. ती रडली नाही.

"माझा मालक दवाखान्यात गेला, बाजंवर न्हाई. बाजंवरनं त्यो माझ्यासंगं बोलला. पोरीला जेवू घाल म्हणला. मेलेलं मानूस बोलतंय व्हय?"

केवळाबाई बारीक आवाजात म्हणाली, "लय भ्या वाटतंय गं. चार गडी उचलतील, लोक बघतील, आन् तसंच व्हईल."

"मग गडी नगंच," सुलाबाई म्हणाली. "आमी उचलतो. बायकांनी मढं उचललेलं बघितलंस का कवा?"

म्हातारीनं मान वळवली. "न्हाई बाई. आजवर न्हाई."

"मग बायकांनी उचलली तर तिची तिरडी व्हईल तरी कशी?"

गडी एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. "आन् माझी शेरडं?" केवळाबाईनं विचारलं. तेव्हा मी ओळखलं, म्हातारी येणार.

"शेरडं मी राखतो," मास्तर म्हणाले. त्यांना त्या कामाचा गंध नव्हता. शेरडांनी त्या दिवशी चर्चपुढची सगळी झेंडूची रोपं फस्त केली, हे मला मागाहून कळलं.

कुसुमबाई आणि सगुणाबाईनं म्हातारीला माझ्यावर ठेवलं. किती दिवसांनी माझ्यावर माणसाचं ओझं आलं! पदर खोचून चौघींनी बांबू धरले. डोकं पुढं, हात कमरेशी. सुलाबाई उशाकडं होती. वाटेत त्या दमल्या, थांबल्या, हात बदलले, पण खांद्याला मला लागू दिलं नाही. गावाच्या पारावर माणसं उठून उभी राहिली. येडबा नावाचा म्हातारा म्हणाला, "बायका बाज घेऊन निघाल्या! काय दिस आले!" त्याबरोबर माझ्यावरून केवळाबाई ओरडली, "आरं येडबा, नीट बघ, जित्ती हाय मी!" सगळा पार हसला. सुलाबाईचा हात मात्र बांबूवर घट्ट आवळला गेला. ते मला कळलं. तिला सितारामचं हसणं आठवलं असणार.

केवळाबाईची दोन बोटं गेली, पाय वाचला. काठी टेकत ती स्वतःच्या पायांनी परत आली आणि आधी माझ्या चौकटीवर थाप मारून मग शेरडांकडं गेली. त्यानंतर माझं जुनं नाव कुणी घेतलं नाही. लोक मला बायकांची बाज म्हणू लागले, आणि बोलावणी पुन्हा येऊ लागली. सुलाबाईनं माझी उशाकडची बाजू कधी दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही.

मग रस्ता झाला. ज्याची खडी सितारामनं फोडली तो रस्ता थेट वाडीपर्यंत आला. जीप यायला लागली. चांगलंच झालं, मी कशाला वाईट म्हणू? मास्तरांची आणि एस्तेरबाईची बदली झाली. केवळाबाई म्हातारपणानं गेली. मला पुन्हा भिंतीला उभं केलं, या वेळी भीतीनं नाही, विसरून. भीतीनं टाकलेल्याला निदान शिव्या तरी मिळतात. विसरलेल्याला तेवढंही मिळत नाही.

काल दुपारी सुलाबाई आली. तिच्या लेकीचं वालूरला लग्न झालंय, ती आईला कायमची न्यायला आली होती. गाठोडं बांधून तयार होतं. सुलाबाईनं कोंबड्या हाकलल्या, दोन्ही हातांनी मला धरलं आणि इथं निंबाखाली आडवं केलं. तुटलेल्या सुंभाला गाठी मारल्या. मग इतक्या वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते तिनं केलं. माझ्यावर आडवी झाली. जिथं सितारामनं डोकं टेकलं होतं तिथंच डोकं ठेवून ती शांत झोपली. मी जराही कुरकुरले नाही. माझा सुंभ तिचं ओझं पेलणारा नव्हता, तरी मी पेललं.

लेकीची हाक आली तशी ती उठली. "येते," म्हणाली मला. जाताना तिनं मला पुन्हा उभं केलं नाही.

मित्रांनो, नवा सुंभ मला नको. माझं काम संपलं, ते मला कळतं. पण तुमच्या आळीत कुणी एकटं माणूस असेल, ज्याच्याकडं कुणी जात नाही, त्याच्या दारात जाऊन या. सुलाबाईसारखं नुसतं गप बसलात तरी चालेल. आणि आता घरी निघालात की माझ्यासाठी एवढंच करा. कुणी झाडलोट करायला आलं आणि मला उचलून भिंतीला लावायला लागलं, तर त्याला सांगा, राहू दे, तिला आडवीच राहू दे.