परतीचं तिकीट

श्रीरंग दामलेने आयुष्यात अमेरिकन फुटबॉलला हात लावला नव्हता, तरी ओहायोतल्या एका व्यावसायिक संघाच्या ऑफिसात तो अकरा वर्षं डायरेक्टर होता. नेमणुकांचे कागद त्याच्याकडे असत. त्या ऑफिसात भिंतीवर आजवरच्या सगळ्या हेड कोचचे फोटो होते. त्या फोटोंत चेंडू सोडला तर तपकिरी काही नव्हतं. मैदानावर खेळणारे बहुतेक काळे; पण मैदान वेगळं, भिंत वेगळी.

नवा हेड कोच शनिवारीच ठरला होता. वय छत्तीस, गोरा, आजोबाही कोच. पत्रिका जुळली होती, पण लीगचा नियम आडवा आला: नेमणुकीआधी दोन तरी गौरेतर उमेदवारांना समोरासमोर भेटायचं. एक भेटून गेला होता. दुसरा सोमवारी येणार होता. मुलाखत खरीखुरी झाली, असा फॉर्म भरून सही करायची श्रीरंगने. "तुझी सही बरी दिसेल, श्री," मालक म्हणाले. का बरी दिसेल, हे श्रीरंगने विचारलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं, आणि पगारही चांगला होता.

सोमवारी सकाळी चहा घेताना त्याने हे बायकोला सांगितलं.

"म्हणजे तू रत्नाला बघायला गेला होतास तसंच की!" सुनेत्रा म्हणाली. "आपलं ठरलेलं. तरी मामांनी आणलेलं स्थळ, त्यांना वाईट वाटेल म्हणून गेलास. वर दोनदा पोहे घेतलेस."

"तो मामांचा मान होता."

"आणि हा लीगचा. जा, उशीर होईल."

डेस्मंड व्हिटफील्ड चोपन्न वर्षांचा होता. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बचावफळी घडवलेला माणूस. इस्त्रीचा सूट, बायकोने निवडलेला टाय आणि हातात वीटभर जाडीची फाइल: संघ तीन वर्षांत कसा उभा करायचा, पान पान लिहिलेलं. मुलाखत अकरा ते तीन. तो बोलायला लागला आणि फुटबॉलमधलं ओ की ठो न कळणारा श्रीरंगही पुढे सरकून ऐकू लागला. मालक फोन बघत होते.

सव्वाबाराला रेखा, मालकांची सेक्रेटरी, दारात आली. "कोच, गाडी तयार आहे. तुमचं विमान एक पन्नासला."

व्हिटफील्डने खिशातला कागद काढून पाहिला. "मुलाखत तीनपर्यंत आहे ना?"

खोलीत सगळ्यांनी श्रीरंगकडे पाहिलं. तिकीट त्यानेच काढलं होतं. तीनपर्यंत कोणी बसणार नाही, हे त्याला ठाऊक होतं; मग माणसाला उगाच एअरपोर्टवर कशाला ताटकळत ठेवायचं? पाहुण्याची सोय बघायची सवय, दुसरं काय.

"सिस्टिमची चूक," श्रीरंग म्हणाला. इथे येण्याआधी वीस वर्षं आयटीत काढलेल्या माणसाला हे वाक्य झोपेतही येतं. तिकीट बदलतो, असं मात्र तो म्हणाला नाही.

एअरपोर्टला सोडायला श्रीरंगच गाडी घेऊन निघाला. वाटेत व्हिटफील्ड म्हणाला, "श्री, ही माझी सातवी मुलाखत. आधीच्या सहाही वेळा परतीचं विमान निदान संध्याकाळचं होतं."

श्रीरंगने सिग्नलकडे लक्ष दिलं. सिग्नल हिरवा होता.

एअरपोर्टवर उतरताना व्हिटफील्डने फाइल पुढे केली. "ठेव. तुमच्या कोचला उपयोगी पडेल."

श्रीरंगने ती दोन्ही हातांनी घेतली. वर "थँक यू" म्हणाला.

ऑफिसात येऊन त्याने फॉर्म भरला. मुलाखत खरीखुरी झाली का? हो. पुरेसा वेळ दिला का? हो. सही.

संध्याकाळी सुनेत्राने विचारलं, "कसा होता रे?"

"छान बोलला. फारच छान."

"रत्नाचे पोहेही छान होते म्हणाला होतास."

तो टेबलाशी बसला. फाइल समोरच होती. ती बाजूला सारत म्हणाला, "रत्नाला माहीत होतं का गं, आपलं ठरलंय ते?"

"मागे पुण्याला भेटली तेव्हा हसत सांगत होती. सगळं माहीत होतं तिला. म्हणूनच तर म्हणे दुसऱ्यांदा वाढायला आली. बघू तरी, म्हणाली, हा घेतो का."