पी.पी. नंबर

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला ताडकळसच्या बसस्टँडसमोर, बन्सीधरच्या खत-बियाण्याच्या दुकानात फोन वाजला. पुण्याहून एक बाई बोलत होत्या. त्यांना अंबिकाशी बोलायचं होतं.

अंबिका तेव्हा कॉलेजात होती. सतरा वर्षांची, बारावीला. तिच्या घरी फोन नव्हता. गावात तो मोजक्याच घरी होता; बाकीचे सगळे बन्सीधरचा नंबर देत आणि पुढे पी.पी. लिहीत. फोन आला की बन्सीधर माणूस धाडून बोलावून घेई. माणूस सापडला नाही तर निरोप घेई, आणि निरोप घ्यायचा म्हणजे कोण, कुठले, काय काम, हे विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

त्याने विचारलं. बाई काम सांगेनात. मुलगी बरी आहे ना, कॉलेजला जाते ना, एवढीच चौकशी त्यांनी केली. पोरगी गुणाची, घर मास्तरचं, उणं काही नाही, असं बन्सीधरने सांगून टाकलं. नाव विचारल्यावर बाईंनी आडनावासकट सांगितलं. आडनाव आपल्यातलं निघालं. सोमवारी अकराला परत फोन केला तर ती भेटेल का, असं बाई म्हणाल्या तेव्हा बन्सीधरने बापासकट हजर ठेवायचं कबूल केलं.

संध्याकाळी तो अंबिकाच्या घरी आला तो हसतच.

"गुरुजी, साखर काढा. पुण्याचं स्थळ हाय."

"कुणी सांगितलं?" अंबिकाचे वडील व्यंकटराव म्हणाले.

"सांगायला कशाला पायजे? पोरीची चौकशी करायची अन् काम सांगायचं न्हाई, म्हंजी दुसरं काय असतंय? लय गोड बोलायलत्या बाई."

अंबिका चुलीपुढे बसली होती. भाकरी तव्यावर करपली तरी तिने उलटली नाही. व्यंकटराव झेडपीच्या शाळेत मास्तर, मोजकं बोलणारे. त्यांनी आत येऊन तिला एकच विचारलं: पुण्यात तू कुणाला ओळखतीस का?

ती नाही म्हणाली. त्यानंतर खरं सांगायला जागाच उरली नाही.

तो नंबर तिनेच दिला होता. उन्हाळ्यात सुमंगलाचं लग्न झालं, तिला बोरीला दिलं. दोघी पाचवीपासून एका बाकावर. सुमंगला मांडवात रडली तशा सगळ्याच पोरी रडतात. अंबिका रडली नाही, पण तिचं जेवण तुटलं, झोप गेली. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही असेल. धुरपताआत्याने झरीहून अंगारा आणला, दंडाला दोरा बांधला. सुमंगलाबद्दल आपल्याला जे वाटतं त्याला काय म्हणतात हे अंबिकाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला नावच नाही ते आत्याच्या अंगाऱ्याने जाईल अशी आशा तिलाही काही दिवस होती.

मग कॉलेजच्या वाचनालयात एका पुरवणीच्या कोपऱ्यात तिला चार ओळी दिसल्या. पुण्यातली एक संस्था फोनवर ऐकून घेते, नाव सांगण्याची सक्ती नाही. खाली नंबर होता. तो तिने पाठ केला.

पूर्वी हे जमलंच नसतं. ट्रंक कॉल लावायचा तर ऑपरेटरला नंबर सांगा, वाट बघा, आणि बोलणं ऐन रंगात आलं की तोच मधे बोले, आटपा. पण गेल्या वर्षी गावात नवं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज बसलं. थेट पुणं लागे. दुकानाच्या कोपऱ्यात काचेची केबिन आली, आत लाल आकड्यांचं मीटर. बन्सीधर येईल त्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगे, "आता मधे कुणी माणूस न्हाई. समदं मशीन."

त्या मशीनवर विश्वास ठेवून ती, बाईंचा फोन यायच्या तीन दिवस आधी, सोमवारी केबिनमध्ये शिरली होती. पलीकडे एका बाईंनी फोन उचलला, मला ताई म्हण म्हणाल्या. अंबिकाने मीटरच्या आकड्यांकडे बघत आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं: मला एक मुलगी आवडते. ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "हा आजार नाही, अंबिका. तुझ्यासारख्या मुलींशी मी बोलले आहे." एवढ्यात काचेवर कुणीतरी नाणं वाजवलं, बाहेर गिऱ्हाईक खोळंबलं होतं. ताईंनी विचारलं, तुला परत फोन कुठे करू? आणि तिने, गावातलं कुणीही देईल तसा, बन्सीधरचा नंबर दिला. पी.पी. म्हणजे काय हे ताईंना विचारावंसं वाटलं नसेल, आणि सांगावं हे तिला सुचलं नाही. त्या रात्री ती दोन भाकरी जेवली. आई आत्याला म्हणाली, दोऱ्याचा गुण आला.

आता तोच फोन वडील उचलणार होते.

शुक्रवारी ती केबिनकडे गेली. बन्सीधरने तिला दारातूनच परतवलं, अगदी मायेने. "आता तू कशाला यायलीस इथं? स्थळ आलेल्या पोरीनं फोनपाशी उभं ऱ्हाऊ नाई. लोक बघतेत. निरोप असंल तर मला सांग, मी लावतो." शनिवारी परभणीला जाऊन तिथून फोन करायचा तिचा बेत होता. त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून कुणाचा तरी बंद निघाला आणि एसटी सुटलीच नाही.

रविवारी आत्याच तिला परभणीला घेऊन गेली, साडी घ्यायला. पुण्याची माणसं पोरीला बघायला येणार तर नेसायला काही हवं. दुकानदार एकेक घडी उलगडत होता, आत्या एकेक नापसंत करत होती. पाणी पिऊन येते म्हणून अंबिका निघाली आणि शेजारच्या बूथमध्ये शिरली.

फोन लागला. पलीकडे ताई नव्हत्या, पण बोलत होतं कुणीतरी. आधी इंग्रजीत, मग मराठीत, न थांबता. आज सेवा बंद आहे, निरोप ठेवा, असं काहीसं. अंबिका दोनदा हॅलो म्हणाली. मग तिच्या ध्यानात आलं की हे यंत्र आहे. काचेतून तिला आत्या दुकानाबाहेर येताना दिसली, आणि ती बोलत सुटली. "ताई, मी ताडकळसची अंबिका. उद्या फोन करू नका. तिथं माझे वडील असतील. करू नका." ती बोलत असतानाच कधीतरी कानात एक लांब टूं वाजला. ती खूण बोलायला सुरुवात करायची होती की संपवायची, हे तिला कळलं नाही. आत्याने दार ढकललं तेव्हा रिसीव्हर जागेवर होता. कुणाला लावलास, आत्याने विचारलं. मैत्रिणीला, लागला नाही, असं ती म्हणाली.

सोमवारी व्यंकटरावांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. इस्त्रीचा सदरा घालून ते साडेदहालाच दुकानात जाऊन बसले. अंबिकाला युरियाच्या पोत्यांशेजारी स्टूल दिलं होतं. बन्सीधरने फोन पुसला, चहा सांगितला, रेडिओ बारीक केला. अकरा वाजले. फोन वाजला. नांदेडच्या एजन्सीचा निघाला, औषधाची गाडी उद्या येईल म्हणून. बन्सीधरने त्याला घाईने कटवलं. सव्वाअकरा झाले. यंत्राने ऐकलं असावं, असं अंबिकाला वाटू लागलं. स्टुलावर बसल्या जागी तिने मान जरा सैल सोडली.

मग फोन पुन्हा वाजला.

व्यंकटरावांनी उचलला. "नमस्कार. मी अंबिकाचे वडील बोलतो." ते ऐकत राहिले. "हो. हो, इथंच आहे," ते म्हणाले आणि रिसीव्हरवर हात ठेवून तिच्याकडे वळले. "आधी तुझ्याशीच बोलायचं म्हणायल्यात. बोल. भिऊ नको."

ते खुर्चीवरून उठले नाहीत. बन्सीधरने रेडिओ पार बंद केला.

तिने रिसीव्हर कानाला लावला.

"अंबिका, ताई बोलते. तुझ्याजवळ माणसं आहेत, मला कळलं. तू फक्त हो किंवा नाही म्हण. तुझा काही निरोप होता का? टेपवर शेवटचे दोनच शब्द आलेत, करू नका. ते तूच म्हणालीस?"

"हो."

"बरं. वडिलांना मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. आता नीट विचार करून सांग. मी परत फोन करायला हवा आहे का तुला?"

व्यंकटरावांनी, पुढचं वडीलधाऱ्यांनी बोलायचं म्हणून, रिसीव्हरसाठी हात पुढे केला होता. अंबिकाने अजून उत्तर दिलेलं नव्हतं.