पाटाच्या कडेचं गवत

बहात्तरच्या दुष्काळात पाथर्डीकडच्या त्या गावातली बहुतेक जनावरं उन्हाळ्याआधीच खाटकाकडं गेली. बायडाबाईनं मात्र मेंढरं विकू दिली नाहीत. नवरा सूर्यभान दुष्काळी कामावर खडी फोडायचा. माणसांना रेशनची मिलो ज्वारी पुरंना, मेंढरांना काय घालशील, असं त्यानं विचारलं. तिनं शेजारच्या राहीबाईला सोबत घेतलं, दोघींची मेंढरं एकत्र केली आणि नेवाशाकडं पाटाच्या कडेला जाऊन पाल ठोकलं.

पाट पाझरून तिथं पाणथळ झाली होती. सगळा मुलूख करपलेला, अन् तेवढ्याच पट्ट्यात चिखलातून हिरवंगार गवत उठलेलं. राहीबाईचं मन घेईना. मेंढरू कोरड्या रानाचं जनावर, त्याला असली ओल मानवत नाही, असं तिचं म्हणणं. पुढं गेलो तर हेही मिळायचं नाही, म्हणून बायडाबाईनं तिला गप्प केलं. मेंढरं गवतावर तुटून पडली. बघता बघता त्यांच्या पाठी भरल्या. पावसाळ्याच्या तोंडाला दोघी गावी परतल्या, तेव्हा लोक थांबून बघत होते. सूर्यभाननं एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि कितीतरी दिवसांनी बायकोकडं बघून हसला.

श्रावणात रान गुडघ्याएवढं वाढलं, आणि मेंढरांनी खाणं सोडलं. डोळे पांढरे पडले, लोकर हातात येऊ लागली. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, आणि सकाळी मेंढरांच्या वाड्यात एखादं आडवं पडलेलं दिसायचं. म्हसोबाला कोंबडं दिलं, अंगारा लावला. शेवटी तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी मेलेली मेंढी फाडून पोटातलं काळीज चिरलं. आत पानासारखे चपटे किडे वळवळत होते. पाणथळीतल्या गोगलगायींमधून हे गवतावर येतात आणि गवतातून पोटात जातात, असं ते म्हणाले. उभी होती तेवढ्यांना औषध पाजलं, पण काळजात काही उरलेलं नाही, फार आस धरू नका, हेही सांगितलं.

बायडाबाई तशीच राहीबाईच्या वाड्यावर गेली. राहीबाई एक मेलेली मेंढी ओढत होती.

"डाक्तर काय म्हनला?"

"पाटाकडच्या गवतानं झालं. तू नगं म्हनत हुतीस. मीच चारलं."

राहीबाई थांबली. मग म्हणाली, "मागचे पाय धर. मला एकटीला वढत न्हाई."

दोघींनी मेंढी ओढ्यापर्यंत नेली. त्यानंतर राहीबाई तिच्या दारात आली नाही.

दसऱ्याला बायडाबाईची एकच मेंढी उरली होती. सोड तिला, रानभर चारा हाय, असं सूर्यभान म्हणायचा. पण तिला धीर होईना. ती मेंढीला घरातच बांधून लिंबाचा पाला घालायची. मेंढी दाराकडं मान ताणून ओरडायची, आणि बायडाबाई दार लोटून घ्यायची.

दिवाळीआधी तीही गेली. सूर्यभान तिला पुरून आला. वाड्याच्या कुंपणाची काटी मग बायडाबाईनं रोज थोडी थोडी चुलीत घातली.