गळलेली बारा मुलं

अहवाल लिहायला बसलं की माणसं निष्कर्ष आधी ठरवतात आणि आकडे मागाहून बोलावतात. हा आपल्या सगळ्यांचाच रोग आहे. त्यामुळे त्या शनिवारी वाचनालयाच्या माडीवर बसलेल्या कॉलेजच्या दोघांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वस्तीतल्या कच्च्या मुलांसाठी त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी वर्षभर संध्याकाळचा मोफत अभ्यासवर्ग चालवला होता. त्याचा मुलांना कितपत उपयोग झाला, याचा अहवाल पाच वाजता नगर समितीपुढे ठेवायचा होता. तो पटला तर माडी वर्गाकडे राहणार होती. नाही तर तिथे व्यायामशाळा होणार आणि वर्ग बंद.

आकडेमोड एका मुलीकडे होती. ती बोलता बोलता कशाचेही टक्के काढायची, म्हणून सगळे तिला ‘टक्के’च म्हणत. तिने काढलेला आकडा देखणा होता. पहिल्या चाचणीत मुलांची सरासरी पन्नासपैकी पंधरा, शेवटच्या चाचणीत तीस. बरोबर दुप्पट! वर्गप्रमुख असलेल्या मुलाला तर समितीच्या टाळ्या आत्ताच ऐकू येत होत्या.

तेवढ्यात किल्ल्या घेऊन कंपाउंडरकाका वर आले. तीस वर्षं एका दवाखान्यात औषधं बांधून निवृत्त झालेले काका आता वाचनालय सांभाळत. त्यांनी चष्मा चढवून तक्ता वाचला. पहिल्या चाचणीला चाळीस मुलं दिसतात, शेवटच्या चाचणीला अठ्ठावीस. मग बारा गेली कुठं, असं त्यांनी विचारलं.

“ती सोडून गेली काका,” वर्गप्रमुख म्हणाला. “जी नाहीतच त्यांचे मार्क कुठून आणायचे?”

काका खुर्चीत टेकले. “आमच्या डॉक्टरांचंही असंच व्हायचं. बरा झालेला पेशंट सांगायला यायचा. ज्याला गुण आला नाही, तो गुपचूप दुसरा दवाखाना धरायचा. डॉक्टरांना वाटायचं, आपल्या हातून सगळेच बरे होतात. खरं काय ते मला कळायचं, कारण ते पेशंट बाजारात मलाच भेटायचे.”

टक्केला राग आला. वर्षभर घसा कोरडा करून शिकवायचं आणि वर हे ऐकून घ्यायचं? घरं बदलली असतील, आईबापांना गरज वाटली नसेल, अशी कारणं तिने भराभर सांगून टाकली. पत्ते आहेत ना यादीत, एवढंच काकांनी विचारलं. दोन वाजले होते. निदान काकांचं समाधान व्हावं म्हणून ती यादी घेऊन जिना उतरली.

पहिलं घर मागच्या गल्लीत, इस्त्रीच्या दुकानाला लागून होतं. मुलीची आई शर्टाची कॉलर दाबत होती आणि दहा वर्षांची मुलगी घड्या घातलेले कपडे रचत होती. वर्ग का सोडला, टक्केने विचारलं. आवाजात थोडी तक्रारच होती.

आईने इस्त्री उभी केली. “सोडला कुठं? तुम्हीच म्हणालात ना ताई, हिला सध्या घरी ठेवा, नवीन तुकडी निघाली की बोलावू. आम्ही वाट बघतोय.”

 आधी टक्केला काही आठवेना, मग सगळंच आठवलं. पहिल्या चाचणीत चार गुण मिळवलेली ही मुलगी एकेका ओळीवर अडून बसायची आणि बाकीची मुलं चुळबुळायची. सगळ्यांचा वेळ जातो म्हणून चौथ्याच आठवड्यात आपण गोड बोलून हिला कटवलं होतं. नवीन तुकडी कधी ठरलीच नव्हती.

“निघाली का तुकडी?” मुलीने विचारलं.

टक्केला तिच्याकडे बघवेना. सांगते, असं काहीतरी पुटपुटून ती बाहेर पडली.

पुढच्या दीड तासात तिने आणखी सात दारं ठोठावली. दोन कुटुंबं खरोखरच दुसरीकडे राहायला गेली होती. बाकीच्यांपैकी कुणाला दुसऱ्या ताईने, कुणाला दादाने असंच थांबवलं होतं, तर एक मुलगा इतरांच्या हसण्याला कंटाळून घरी बसला होता. एका दुकानाच्या पायरीवर बसून तिने पुन्हा बेरजा केल्या. गळलेल्या बारा मुलांचे सुरुवातीचे गुण दोन, तीन, चार असे होते. टिकलेल्या अठ्ठावीस मुलांची सरासरी मुळात सुरुवातीलाच वीस होती. म्हणजे खरी वाढ पंधरा गुणांची नव्हती, दहाचीच होती. बाकीचे पाच गुण कच्ची मुलं घालवून मिळाले होते!

सव्वाचारला ती माडीवर परतली आणि तिने सगळं सांगितलं. वर्गप्रमुखाचा चेहरा उतरला.

“हे आजच सांगायचं? माडी गेली तर अठ्ठावीस मुलंही घरी बसतील. बारा जणांसाठी त्यांना बुडवायचं?”

“कच्च्या मुलांसाठीच तर वर्ग काढला होता ना आपण? त्यांना हाकलायचं आणि वर त्यांच्या जाण्याचे मार्क आपण घ्यायचे?”

 शेवटी वर्गप्रमुखाने काकांकडे पाहिलं. काकांचा आवाज खाली आला होता.

“डॉक्टरांना मी कधीच सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून तीस वर्षं गप्प बसलो. तुमच्याकडे अजून पाऊण तास आहे.”

वर्गप्रमुखाने अहवालाचं पहिलं पान काढून बाजूला ठेवलं आणि कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. “लिही. त्यातल्या तिघांना मीच थांबवलं होतं.”

समितीपुढे टक्केने गळलेल्या मुलांची हकीकत आधी वाचली. त्यातल्या एकीला मी स्वतः घरी पाठवलं, हेही तिने सांगितलं. मग तुम्हाला माडी का द्यावी, असं एका सदस्याने रोखठोक विचारलं. ती म्हणाली, की दहा गुणांची वाढ खरी आहे, आणि कुणाला शिकवायचं राहून गेलं ते आम्हाला आता माहीत आहे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. बराच वेळ कुजबुज झाली आणि निर्णय आला: आठवड्यातून तीनच संध्याकाळी वर्ग, बाकीचे दिवस व्यायामशाळा, सहा महिन्यांनी पुन्हा अहवाल. अर्धी माडी हातची गेली होती.

सोमवारी टक्के इस्त्रीच्या दुकानात गेली. नवीन तुकडी नव्हतीच, मी खोटं बोलले, असं तिने आईला आणि मुलीला सांगून टाकलं. मग म्हणाली, आहे त्याच वर्गात आजपासून ये.

मुलगी आईच्या आड सरकली. “मला अजून वाचता येत नाही. चालेल?”

टक्केच्या डोळ्यांत पाणी आलं. “चालेल. म्हणून तर बोलवायला आलेय.”

वाचकहो, शाळा असो, दवाखाना असो की आपण हौसेने चालवलेली एखादी संस्था, समोर बसलेल्यांना मोजून आपण खूश होतो. आपल्या दारातून जे परत गेले, त्यांच्या दारात एकदा जाऊन उभे राहा. आपलं काम कसं झालं, ते तिथेच कळतं.