सासूबाईंची बुरशी

गोवर्धन सरांनी तरुणपणी संत्र्याच्या मुळांवर राहणाऱ्या, झाडाला जमिनीतलं अन्नपाणी पुरवणाऱ्या दोन बुरश्या शोधल्या होत्या. पहिलीच्या बीजाणूंची साल जाड. तिला त्यांनी सासूबाईंचं, पार्बताबाईंचं नाव दिलं. दोन वर्षांनी पातळ सालीची दुसरी सापडली, तिला बायकोचं, मैनाबाईंचं. पार्बताबाईंच्या तोंडाला सारा तिवसा वचकून असे. त्या होत्या तोवर सर त्यांच्यासमोर कधी खुर्चीवर टेकले नाहीत. पुढे भांडण झालं, की सर म्हणायचे, शेवटी तू मायवरच गेलीस. मैनाबाई लगेच कपाटातला सरांचा शोधनिबंध काढायच्या: दोघी वेगळ्या आहेत, तुम्हीच छापलंय.

शेतकऱ्यांसाठीच्या सरकारी पॅकेजांच्या त्या वर्षांत, अख्खा वऱ्हाड मातीला दोष देत असताना, अकोल्याच्या प्रयोगशाळेत सरांची विद्यार्थिनी यास्मीन हिनं दोन्ही बुरश्यांची जनुकं ताडून पाहिली. दोन्ही एकच निघाल्या! नियम असा, की आधीचं नाव राहतं. म्हणजे मैनाबाईंचं बाद.

यास्मीनची सहा वर्षांची पीएचडी सरांच्या एका सहीवर अडली. जनुकांचं काय घेऊन बसलीस, म्हणाले. "डोयानं दिसंल तं मानीन."

यास्मीनही खमकी. तिनं कुंडीत ज्वारीच्या मुळाशी एकच बीजाणू सोडला. चार महिन्यांनी त्याच मुळावर पातळ सालीचेही निघाले आणि जाड सालीचेही. पातळ ते कोवळे, जाड ते जून, बस्स. सरांनी तासभर पाहिलं, चष्मा पुसला, आणि खरं दुखणं बाहेर आलं.

"पोरी, मले घरी बी जा लागते."

तेव्हा यास्मीनच सूक्ष्मदर्शक उचलून अमरावतीला त्यांच्या घरी गेली. मैनाकाकूंना तिनं सगळं सरळ सांगून टाकलं. सर खुर्चीत बसून पेपरामागे लपले होते. काकू भिंगाला डोळा लावून बराच वेळ बसल्या. मान वर केली तेव्हा डोळे भरलेले होते.

"माय बी कवातरी अशी कवळी असंल," त्या म्हणाल्या. "आमी तिले जूनच पाह्यलं."

काकूंनी पदरानं डोळे टिपले, यास्मीनच्या हातातला प्रबंध घेऊन सरांपुढे धरला. पेपरामागून सरांचा हसरा चेहरा वर आला. तीस वर्षांचं भांडण ते जिंकले होते.

"करा सही," काकू म्हणाल्या. "नाव मायचंच राहू द्या. पन आजपासून या घरात मी मैना नाई, पार्बताबाई हाव."

सरांचं हसू मावळलं. सही त्यांनी उभ्यानंच केली.