एक्केचाळीस सेकंद

"पुस्तकात फोटो पाहिजे म्हणे! माझा कशाला? त्या चाकाच्या नटाचाच छापा की, पानभर मोठा."

हे बोलणं गाडीच्या पोटाखालून आलं. बाहेर दिसत होते ते फक्त दोन झिजलेले बूट. ताई शेजारीच स्टुलावर बसून दिवा धरत होती, म्हणजे अवघ्या हातभर अंतरावर.

"ऐकू आलं हं मला," ती म्हणाली.

"तुला नव्हतो सांगत. गिअरबॉक्सला सांगत होतो."

"सदतीस वर्षं गिअरबॉक्सशीच बोलताय. माणसांशीही बोला कधी."

बूट आणखी आत सरकले. मिस्त्रींचं हे असंच. इंजिनाचं दुखणं नुसतं कान लावून ओळखणारा हा माणूस स्वतःच्या दुखण्याबद्दल चकार शब्द काढत नसे. आणि नवऱ्याच्या मनातलं सगळं ओळखणारी ताईही या एका बाबतीत तोंड शिवून बसली होती.

आज दुपारी मोटार क्लबचे संपादक येणार होते. शर्यतींचा साठ वर्षांचा इतिहास त्यांनी चार वर्षं खपून लिहिला होता आणि उद्या तो छपाईला जाणार होता. आज एकदा शेवटची नजर टाकायची, आणि ताईने शर्यतींत घड्याळ लावून टिपलेल्या आणि जपून ठेवलेल्या फेऱ्यांच्या वह्या प्रदर्शनासाठी न्यायच्या, असं ठरलं होतं. ताईचा थोरला भाऊही यायचा होता. तो शर्यतींत गाडी चालवायचा तेव्हा वर्तमानपत्रं त्याला 'वादळ' म्हणत. आता वादळाचे गुडघे धरत, पण नाव टिकून होतं. मिस्त्रींनाही क्लबात एक नाव होतं: 'ढिले'. लाडाने म्हणतात, असं सगळे सांगत. तो लाड ताईच्या घशाखाली कधी उतरला नाही.

दोघं आले ते हसतखिदळतच. ताईने कामाच्या टेबलावरचे पाने-पक्कड बाजूला सारून फडकं मारलं, चहा ओतला, चष्मा चढवला आणि छापील पानं पुढ्यात ओढली. मिस्त्रींनी पाहुण्यांना नमस्कार केला, चहा दोन घोटांत संपवला आणि चाकांच्या फळीवर आडवे होऊन ते पुन्हा गाडीखाली सरकले.

सुरुवातीची प्रकरणं ताईला मनापासून आवडली. गावागावांमधल्या कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यती, पुढच्या गाडीच्या धुळीत आंधळेपणाने हाकणारे ड्रायव्हर, आणि शेजारी बसून हाताने तेलाचा पंप मारणारे मेकॅनिक. गाडी उलटली की दोघंही जायचे, पुतळा मात्र एकाचा उभा राहायचा. मग मोठमोठ्या ग्रां प्री आल्या, युद्धानंतर ओस पडलेल्या विमानतळांवर गवताच्या पेंढ्या रचून आखलेले मार्ग आले, लांब पल्ल्याच्या शर्यती आल्या. 'गाड्यांच्या थांब्याजवळ, पिटमध्ये बसलेल्या स्त्रिया डोळ्यांत तेल घालून फेऱ्या मोजत,' असंही एक वाक्य होतं. एकच होतं, पण होतं.

मग ते पान आलं. सहा तासांची शर्यत, हंगामातली शेवटची. ताईने ते मोठ्याने वाचलं.

"'वादळ सव्वा मिनिटाने पुढे होतं. शेवटच्या थांब्यात दुर्दैवाने मेकॅनिकच्या हातून मागच्या चाकाचं नट ढिलं राहिलं, दुसऱ्याच वळणावर चाक निखळलं आणि हातातोंडाशी आलेलं अजिंक्यपद गेलं.'" तिने चष्मा काढला. "हे वाक्य काढा."

"अहो ताई, पण हे तर सगळ्यांनाच माहीत आहे," संपादक म्हणाले.

"सगळ्यांना माहीत असलेलं लिहायला चार वर्षं कशाला लागली मग?"

भाऊ खो-खो हसला. "चिमणे, तू अजून तश्शीच! जुनी गोष्ट झाली गं. आमचे ढिले कधी काही म्हणाले का? आम्ही तर हसतो त्यावर."

"तुम्ही हसता, दादा. हे हसत नाहीत. सदतीस वर्षं बघतेय मी. घरातून निघताना कुलूप लावून चारदा परत फिरतात हे. नातीच्या सायकलचं चाक रोज सकाळी तपासतात. रोज! वाक्य निघालं नाही तर वह्या मिळणार नाहीत. एकही नाही."

"काढतो, पण मग चाक का निखळलं ते काय लिहू?" संपादकांनी भाबडेपणाने विचारलं.

भावाने कप उचलला, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावला.

खरं तर खोटं कुणी बोललंच नव्हतं. नट ढिलं होतंच. गळ्याचं हाड मोडून इस्पितळात पडलेल्या भावाने पत्रकारांना सांगितलं, "नट ढिलं राहिलं," आणि तो गप्प झाला. पुढचं सगळं लोकांनी आपापल्या मनाने भरलं. ताईने त्याच संध्याकाळी वही उघडली होती, एक वजाबाकी केली होती आणि वही मिटली होती. भाऊ पट्ट्यांत गुंडाळलेला, वडील त्याच्या उशाशी, आणि नवरा म्हणाला होता, "राहू दे. तुझा भाऊ आहे." तिने राहू दिलं. त्याबद्दल तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचाच येई.

आज ती उठली. कपाटातून तिने त्या हंगामाची वही काढली आणि टेबलावर आपटली.

"संपादक, तुम्ही मोजा. मी नुसतं वाचते. तेव्हा गाडीला हात लावायची परवानगी दोघांनाच असायची. एकजण पेट्रोल भरायचा, चारही चाकं हे एकटे बदलायचे. चाकाच्या मधोमध एकच मोठं पंखांचं नट, ते तांब्याच्या हातोड्याने ठोकून आवळायचं. चौथं झालं की हातोडा डोक्यावर धरायचा. हातोडा वर दिसल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी सोडायची नाही. बरोबर ना, दादा?"

"आता नियम कसले शिकवतेस मला!"

"चार चाकांचे थांबे. चोपन्न सेकंद. त्रेपन्न. पंचावन्न. चोपन्न. बावन्न, हा यांचा सगळ्यात जलद." तिने पान उलटलं. "आणि शेवटची शर्यत, शेवटचा थांबा. एक्केचाळीस."

संपादकांचे ओठ हलले. ते मनातल्या मनात मोजत होते. मोजता मोजता त्यांनी गाडीखालच्या बुटांकडे पाहिलं आणि मग भावाकडे पाहायचं टाळलं.

भावाचा चेहरा लाल झाला. "वहीत काय, काहीही लिहिता येतं! मागची गाडी गाठायला आली होती, सगळा गोंधळ, आरडाओरडा. घड्याळ सुरू करताना घाबरून तुझं बोट उशिरा पडलं असेल कळीवर. बायकांच्या हातात घड्याळं दिली, हीच क्लबची चूक! उगाच त्या एका आकड्यावर..."

"माझं बोट?" ताईचा आवाज चढला. "सहा सहा तास, एक फेरी चुकली नाही माझी! पावसात नाही, तापात नाही, सातवा महिना होता तेव्हाही नाही! माझं बोट?"

"मग काय माझी चूक म्हणायची?"

"ते तू सांग!"

"मी सांगतो. तुझं घड्याळ चुकलं. संपादक, हवं तर तसं लिहा. टिपणाऱ्या बाईची चूक म्हणा आणि मिटवा हे."

फळीची चाकं करकरली. मिस्त्री गाडीखालून बाहेर आले. कपाळावर तेलाचा पट्टा होता. उठायला त्यांना वेळ लागला. ताईने हात पुढे केला, पण त्यांनी चाकाला धरून स्वतःच स्वतःला उभं केलं. फडक्याला हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"अहो, तुम्ही नका..." ताई पुटपुटली, इतक्या वर्षांच्या सवयीने.

"माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा," ते संपादकांना म्हणाले. "पण हिची चूक म्हणून एक अक्षर छापायचं नाही. हिचं घड्याळ बरोबर होतं."

"मिस्त्री, बसा तुम्ही," भाऊ हळूच म्हणाला.

मिस्त्री बसले नाहीत. ते मेहुण्याकडे वळले आणि त्यांनी सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"मागच्या डाव्या चाकावर माझे दोनच ठोके पडले होते, दादा. हातोडा वर व्हायच्या आधी तुम्ही गाडी सोडलीत."